मिसळ खायला मोबाईल नंबर कशाला लागतो?

रविवारी सकाळी साडेनऊला नाशिकमध्ये मिसळ खायला गेलात, तर दोन गोष्टी ठरलेल्या. बाहेर गर्दी, आणि दारात वही घेऊन उभा असलेला माणूस. "नाव आणि नंबर सांगा, टेबल झालं की फोन करतो." आपण सांगतो. मागे उभे असलेले पाच जणही ऐकतात. खाऊन झालं की काउंटरवर परत तेच, "सर, मोबाईल नंबर?" कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत तर त्याही पुढची पायरी असते. मेनूसाठी क्यूआर स्कॅन करा, आणि मेनू उघडायच्या आधी नंबर आणि ओटीपी टाका. म्हणजे कोल्ड कॉफी केवढ्याला आहे हे कळायच्या आत आपण कोण आहोत हे त्यांना कळलेलं असतं.

मध्यंतरी एका ठिकाणी मी नंबर द्यायला नाही म्हणालो. काउंटरवरचा मुलगा गडबडला. "सर, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही." शेवटी त्याने मालकाचाच नंबर टाकला आणि बिल निघालं.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. मला माहीत आहे, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक बिलिंगचा फॉर्म मी स्वतः लिहिलाय. एखादा रकाना सक्तीचा करायला कोडमध्ये एकच शब्द लागतो, 'रिक्वायर्ड'. क्लायंटने टाका म्हटलं, मी टाकला. का, हे विचारलं नाही. त्यामुळे "सिस्टीम घेत नाही" असं कोणी म्हटलं, की समजायचं, कुठल्यातरी माणसाने ते तसं ठरवलंय.

कायदा हे मागत नाही. जीएसटीच्या नियम 46 मध्ये बिलावर काय काय हवं याची यादी आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या ग्राहकाचं नाव-पत्ता बिल 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तरच सक्तीचा. मोबाईल नंबर त्या यादीतच नाही. (50,000 ची मिसळ खाणारा अजून जन्माला यायचाय.) मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.

मग हा अट्टहास कशासाठी? डेटाबेसमध्ये दोन वेगवेगळे तक्ते जोडायचे असतील तर दोन्हीकडे सारखा असलेला एक रकाना लागतो. नाव चालत नाही, 'अमोल पाटील' नावाचे हजारो असतात. ईमेल आपण बदलतो. मोबाईल नंबर मात्र कॉलेजपासून तोच असतो, आणि तोच बँकेत, आधारला, व्हॉट्सॲपवर, फूड डिलिव्हरी ॲपवर दिलेला असतो. त्या दहा आकड्यांवरून कोणीही बरंच काही काढू शकतो. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की बहुतेक वेळा बँकेतलं नाव दिसतं, व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. वहीतला नंबर ऐकणाऱ्या पाच जणांनाही हे जमतं, त्याला हॅकर असायची गरज नाही. मुलींना हे समजावून सांगावं लागत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने 2023 मध्ये केलेल्या पाहणीत 18 ते 34 वयाच्या 30 टक्के लोकांनी सांगितलं, की एखाद्या व्यवसायाला माहिती दिल्यानंतर त्यांना नको असलेला वैयक्तिक संपर्क झाला. तिथे याला 'टेक्स्ट पेस्ट' असा शब्दच आहे. आपल्याकडे "रात्री आपल्याकडे जेवायला आला होतात ना, हाय" असा मेसेज आलेल्या मैत्रिणी असतातच, फक्त कोणी मोजलेल्या नाहीत.

मोठ्या प्रमाणावर काय होतं ते 2021 मध्ये दिसलं. डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांचा डेटा फुटला, हॅकर्सच्या दाव्यानुसार 18 कोटी ऑर्डरचा. आर्थिक माहिती सुरक्षित आहे, असं कंपनीने सांगितलं. पण हॅकर्सनी एक सर्च पेज बनवलं होतं, त्यात मोबाईल नंबर टाकला की ऑर्डरचे तपशील आणि पत्ता समोर. कार्ड ब्लॉक करता येतं, पासवर्ड बदलता येतो. घराचा पत्ता पिझ्झासाठी कोण बदलणार?

हॉटेलवाल्यांची बाजूही आहे, ती खोटी नाही. ॲपवरून ऑर्डर आली की ग्राहक कोण हे त्यांना कळत नाही, आणि महिन्यातून चारदा जेवण मागवणारा माणूस त्यांच्यासाठी कायम अनोळखीच राहतो. रेस्टॉरंट्सच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये स्पर्धा आयोगाकडे ॲप कंपन्यांची तक्रार केली, त्यात हाही मुद्दा होता. नोव्हेंबर 2025 मध्ये झोमॅटो ग्राहकाची संमती घेऊन नंबर रेस्टॉरंटला देणार अशी बातमी आली, तेव्हा स्पॅम वाढेल म्हणून खासदार मिलिंद देवरांनी आक्षेप घेतला. मला विचाराल तर संमती विचारून दिलेला नंबर हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. काउंटरवर तेवढंही विचारत नाहीत.

खरा प्रश्न वेगळा आहे. टेबलासाठी दिलेला नंबर आणि दिवाळी ऑफरच्या मेसेजसाठी वापरलेला नंबर हे आकडे तेच, पण काम वेगळं. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला जाते ती अशीच, गुपचूप. कोरोनानंतर ऑक्टोबर 2020 मध्ये राज्यात हॉटेलं उघडली, तेव्हा संपर्क शोधण्यासाठी नाव-नंबर लिहून घेणं आपण निमूट मान्य केलं. जर्मनीत त्याच कामासाठी 'लुका' नावाचं ॲप होतं. 2021 च्या अखेरीस माइन्झ शहरात एका रेस्टॉरंटमधून बाहेर पडलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तर पोलिसांनी साक्षीदार शोधायला तोच डेटा वापरला. कायद्याचा आधार नव्हता, नंतर माफी मागावी लागली. तिथे निदान गदारोळ झाला. आपल्या त्या वह्यांचं पुढे काय झालं, असं आपण कोणाला विचारलंय का?

आता आपल्याकडेही कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतील. त्यात एक उदाहरणच दिलंय: मेडिकल दुकानात ग्राहकाने पावती मेसेजवर मागितली आणि त्यासाठी नंबर दिला, तर दुकानदार तो पावती पाठवायला वापरू शकतो. एवढंच. त्यानंतर आठवड्याला 'फ्लॅट 20 टक्के सूट' पाठवायची तर वेगळी संमती.

गंमत म्हणजे, कागदाची वही या कायद्यात येत नाही. तीच माहिती कोणी कॉम्प्युटरमध्ये भरली, की त्या क्षणी येते. आणि दंड 250 कोटींपर्यंत होऊ शकत असला तरी तो सरकारी तिजोरीत जाईल, ज्याची माहिती फुटली त्याला रुपयाही नाही. हे मला पटलेलं नाही.

नाशिकसाठी ही तारीख महत्त्वाची आहे. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे, म्हणजे कायदा पूर्ण लागू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत. देशभरातून येणारे लोक इथे जेवणार, आणि त्यांचे नंबर इथल्या टॅबमध्ये जाणार. गंगापूर रोडवर हॉटेल चालवणाऱ्या कोणी हे वाचत असेल, तर बिलिंगवाल्याला आत्ताच फोन करा आणि तो रकाना ऐच्छिक करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, मी करून बघितलंय.

आणि आपण? "नंबर नको, बिल कागदावर द्या" एवढं म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी काम होतं. काउंटरवरच्या मुलावर चिडू नका, फॉर्म त्याने बनवलेला नाही. मनाने दहा आकडे ठोकून देऊ नका, ते कोणाचे तरी असतात आणि ऑफरचे मेसेज त्या बिचाऱ्याला जातात. बिल अडवलंच, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघा: 'पी' म्हणजे जाहिरात. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार सात दिवसांच्या आत 1909 वर करता येते. व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑफरला मात्र ट्रायचा हा नियम लागू नाही, तिथे ब्लॉक आणि रिपोर्ट हीच दोन बटणं.