मावशी, बांगडा आणि बर्फ

परवा मावशीचा फोन. बांगडा खाऊन अर्धा तास होत नाही तोच तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगावर चट्टे. "मला माशांची अ‍ॅलर्जी झाली का रे?" साठ वर्षं मासे खाणारी बाई ही! आधी डॉक्टर गाठ म्हटलं, पण मला संशय हिस्टामिनचा. बांगडा, कुपा, सुरमई बर्फाविना राहिली की ते तयार होतं. मग कितीही तळा, उकळा, गोठवा, जात नाही. वास येतोच असंही नाही.

मासळी निर्यातीच्या कारखान्यात असताना यासाठी आम्ही केवढे कागद रंगवायचो! 'हॅसप' म्हणजे धोका कुठे शिरेल ते आधीच हेरा, तिथे मर्यादा ठरवा, मोजा, नोंदवा. अमेरिकेने डिसेंबर १९९७ पासून हे सक्तीचं केलं. त्याच वर्षी युरोपने आपल्या मासळीवर बंदी घातली होती. पद्धत उत्तमच आहे. पण तापमानाचा तक्ता दुपारीच रात्रीपर्यंतचा भरून ठेवणारे मी पाहिलेत. (एकदा मीही भरलाय. आज लाज वाटते.)

आणि हिस्टामिनचं बरंचसं तर होडीवरच ठरतं, बर्फ कमी पडला तिथे. परदेशी जाणाऱ्या माशाला निदान थर्मामीटर तरी लागतो, मावशीच्या बांगड्याला कोण लावणार? कोळणीला दोष देऊ नका, बर्फ तिला पदरचे पैसे मोजून घ्यावा लागतो. जेट्टीवर आणि बाजारात स्वस्त बर्फ, डोक्यावर छप्पर, एवढं सरकारने आधी करावं.

मावशी बरी आहे. बांगडा सोडणार नाही म्हणते.