दुसऱ्याच्या पैशाची खरेदी

घरांत वर्षाचे तांदूळ भरावयाचे झाले म्हणजे दोन-चार दुकानांतून नमुने येतात. वडील मंडळी दाणे तळहातावर घेऊन पाहतात, गृहिणी मूठभर शिजवून पाहते, आणि मगच पोतीं दारांत उतरतात. ह्या व्यवहारासाठीं कोणी नियमपुस्तिका लिहून ठेवीत नाहीं, व तशी गरजहि पडत नाहीं. पैसा ज्यांचा त्यांचीच निवड, आणि पानांत पडणारा भातहि त्यांचाच. निवड चुकली तर ती वर्षभर दोन्ही वेळां जाणवते, आणि पुढच्या वर्षीं दुकान बदलतें.

सरकारच्या खरेदींत हा मेळ मुळांतच तुटलेला असतो. पैसा कर भरणाऱ्याचा, निवड अधिकाऱ्याची, आणि वस्तु वापरणारा कोणी तिसराच. जिल्हा रुग्णालयांत खाटेवर पडलेला रोगी किंवा आश्रमशाळेंत शिकणारें मूल ज्यानें औषध वा बाक निवडला त्याला कधीं पाहत नाहीं. औषध निकृष्ट निघालें तरी निवडणाऱ्याच्या घरांत कोणाचा ताप वाढत नाहीं. असा मोह फार जुना आहे. सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मोजले, ते कांहीं उगाच नव्हेत. तुटलेला मेळ नियमांच्या दोऱ्यानें पुन्हां सांधावा, एवढ्यासाठीं सरकारी खरेदीचे नियम आहेत. आणि ते रूक्ष वाटले तरी प्रत्येक सुशिक्षित घरानें समजून घ्यावेत, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागानें १ डिसेंबर २०१६ रोजीं कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तमिळनाडूनें १९९८ च्या व कर्नाटकानें १९९९ च्या कायद्यानें ह्या विषयाला कायद्याचेंच अधिष्ठान दिलें. केंद्रांतहि २०१२ सालीं तसें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें होतें. परंतु तें संमत होण्यापूर्वींच २०१४ सालीं त्या लोकसभेची मुदत संपली व विधेयकहि तिच्याबरोबर गेलें. नियमांचे आकडे प्रांतोप्रांतीं निराळे असले तरी सार एकच आहे. काय हवें, किती हवें व कोणत्या प्रतीचें हवें, हें आधीं लिहून काढावें. थोडक्या रकमेची वस्तु असेल तर दरपत्रकें मागवावीं. रक्कम मोठी असेल तर जाहीर निविदा काढावी. निविदाकाराकडून बयाणा रक्कम घ्यावी. त्याच्या पात्रतेचा लिफाफा आधीं उघडावा, आणि जे पात्र ठरतील त्यांच्याच दरांचा लिफाफा नंतर उघडावा. मग तुलनात्मक तक्ता करून, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यावें, आणि निराळा निर्णय घेतल्यास त्याचीं कारणें लिहून ठेवावीं. आज हे लिफाफे बहुतेक संगणकावर बंद होतात व संगणकावरच उघडतात. परंतु पद्धतीचा गाभा बदललेला नाहीं.

ह्या पद्धतीचें मर्म मुंबईच्या विमानतळावरील एका खटल्यांत फार स्पष्ट झालें. १९७७ च्या आरंभीं तेथील एक उपाहारगृह व दोन फराळाचीं दुकानें चालविण्यासाठीं निविदा मागविण्यांत आल्या. निदान पांच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या हॉटेलवाल्यांनींच अर्ज करावा, अशी अट होती. सहा निविदा आल्या. सर्वांत अधिक रक्कम देऊं करणाराची स्वीकारली गेली. तो कँटीनें चालविण्यांत अनुभवी होता, परंतु अटींत सांगितलेला हॉटेलवाला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९७९ सालीं रमण दयाराम शेट्टी ह्या खटल्याच्या निकालांत न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं सांगितलें कीं, सार्वजनिक संस्थेनें जी अट स्वतः जाहीर केली ती तिच्यावरहि बंधनकारक आहे. ती वाऱ्यावर सोडणें म्हणजे घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदांतील समतेचा भंग होय.

हा व्यवहार खरेदीचा नसून परवान्याचा होता. तरीहि निविदेचा न्याय दोहोंस सारखाच लागू पडतो. कोणी विचारील, अधिक रक्कम देणारा मनुष्य मिळाला, संस्थेचा लाभच झाला, मग अन्याय कोणावर झाला? अन्याय झाला तो न आलेल्यांवर. तशाच योग्यतेच्या इतर कित्येकांनीं ती अट वाचली, आपण बसत नाहीं असें समजून ते घरीं राहिले. अट शिथिल होणार हें त्यांस कळतें तर तेहि आले असते, आणि कदाचित् त्याहून अधिक रक्कमहि देते. निविदेच्या टेबलापाशीं जे हजर असतात त्यांचें बोलणें कोणीहि ऐकतो. जो हजर नाहीं त्याची बाजू राखणें हें नियमाचें काम. त्या खटल्यांत अर्जदार उशिरानें आला, तो दुसऱ्याच कोणाच्या हितासाठीं भांडत असल्याचें दिसलें, आणि तोंवर परवानेदाराचा खर्चहि होऊन गेला होता. म्हणून न्यायालयानें दिलेला परवाना रद्द केला नाहीं. तत्त्व मात्र कायमचें ठरून गेलें.

नियमांवर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात: त्यांनीं विलंब होतो, आणि स्वस्तांत स्वस्त माल गळ्यांत पडतो. दोन्हींत तथ्य आहे. परंतु त्यांवरील उपाय नियम मोडणें हा नसून ते शहाणपणानें रचणें हा आहे, हें तमिळनाडूनें दाखवून दिलें. तेथें १९९४ सालीं औषधखरेदीसाठीं एक स्वतंत्र महामंडळ स्थापन झालें. सगळ्या सरकारी रुग्णालयांची औषधें एकत्र मागविल्यामुळें दर उतरले. दर कमी म्हणून प्रत ढिली होऊं नये, एतदर्थ कोठारांत आलेल्या औषधांचे नमुने बनविणाऱ्याचें नांव झांकून तपासणीस जाऊं लागले, व नमुना उतरल्यावरच माल वांटला जाऊं लागला. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखें पासबुक मिळालें. ठरलेल्या रकमेंत कोणतीं औषधें किती न्यावयाचीं हें तेथील डॉक्टरांनीं ठरवावें. म्हणजे वापरणाऱ्याच्या गरजेला पुन्हां आवाज मिळाला. महाराष्ट्रांत २०१७ पासून कांहीं वर्षें ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती. पुढें २०२३ सालीं कायद्यानें स्वतंत्र वैद्यकीय वस्तु खरेदी प्राधिकरण निर्माण झालें. त्याची परीक्षा एकच राहील: औषध चांगलें असून रोग्याच्या उशाशीं वेळेवर पोंचतें कीं नाहीं.

नियम उघड मोडणारा मनुष्य विरळा. बहुतेक वेळां अक्षर पाळून अर्थ मोडला जातो. मोठ्या खरेदीचे तुकडे पाडले कीं जाहीर निविदेची मर्यादा चुकते. वस्तूचें वर्णन एकाच कारखान्याच्या मालाला बसेल असें लिहिलें कीं स्पर्धा नांवालाच उरते. मुदत इतकी थोडी ठेवावी कीं ज्याला आधींच ठाऊक आहे तोच तयार असावा. एकाच घरांतून तीन निरनिराळ्या नांवांचीं दरपत्रकें यावींत. कागद पाहावा तर सारा निर्दोष!

आणि येथेंच हा विषय आमच्या वाचकांच्या माजघरांत येतो. आमच्या वाचकवर्गांत शासकीय अभियंते आहेत, वैद्यकीय अधिकारी आहेत, लेखाशाखेंत तक्ते तपासणारे आहेत. आणि पुरवठादार म्हणून नशीब काढणारे पुतणे-भाचेहि आहेत. एकत्र कुटुंबांत जेवणाच्या पंगतीला विषय निघतो. थोरल्याच्या खात्यांत बाकांची निविदा निघावयाची आहे. धाकट्याच्या मेहुण्याचा लांकूडकामाचा कारखाना अडचणींत आहे. कोणी लांच मागत नाहीं, कोणी देत नाहीं. ‘घरच्या माणसाला एवढी मदत नको का?’ इतकाच प्रश्न असतो, आणि तो बहुधा वडीलधाऱ्या तोंडून येतो. अशा वेळीं नाहीं म्हणणारा मुलगा घरांत तुसडा ठरतो, आणि हो म्हणणारा मायाळू. नातलगांचा संबंध असलेल्या व्यवहाराचा निर्णय कर्मचाऱ्यानें स्वतः न करतां तो वरिष्ठांकडे सोंपवावा, असें महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९, सांगतात. परंतु ज्या घरांत त्या नियमाची थट्टा होते त्या घरांतील मनुष्य कचेरींत तो किती दिवस पाळील?

आपल्या घराचा कर्ता समाईक पैशांतून स्वतःच्याच मुलांस रेशीम व पुतण्यांस मांजरपाट घेऊं लागला, तर घर किती दिवस एकत्र राहील हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शासकीय कचेरींतील सही ही अशाच एका फार मोठ्या घराच्या कर्त्याची सही आहे. तेव्हां आमची सूचना अगदीं साधी आहे. घरांतील मेहुण्यानें निविदा अवश्य भरावी. मात्र ती जाहीर अटी वाचून, इतरांप्रमाणें बयाणा भरून, आणि ज्या टेबलावर आपला मनुष्य बसत नाहीं अशा टेबलावर भरावी. शाळा व्यवस्थापन समितीवर ज्या माता-पित्यांस जागा मिळते त्यांनीं तुलनात्मक तक्ता मागून पाहावा; तो न दाखविल्यास २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा हाताशीं आहे. आणि घरांतील जो कोणी अशा तक्त्यावर सही करतो, त्याच्या पानावर त्या दिवशीं भात वाढतांना त्याला मेहुण्याची आठवण कोणी करून देऊं नये. त्या बाकावर बसणारें मूल त्या पंगतींत नसतें. त्याच्या वतीनें त्या रात्रीं गप्प राहणें हेंहि घराचें एक कर्तव्यच आहे.