उशीर नेमका कुणाचा?



कॉलेजांत वर्ग सुरू होतात, ऑफिसच्या खिडकीवर ‘प्रवेश बंद’ची पाटी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सल्ला केंद्रात मुली यायला लागतात. मारहाण, पोटगी, रेशनकार्ड अशा कामांसाठी आलेल्या बायकांच्या रांगेत बसलेली एखादी मुलगी हळूच विचारते, “ताई, आता कुठे अ‍ॅडमिशन मिळेल का हो?” या कामात पडल्यापासून दर पावसाळ्यात मी हा प्रश्न ऐकते आहे. या अंकात त्याबद्दलच बोलावेसे वाटते.

तारीख चुकली म्हणजे मुलगी निष्काळजी, असा सरळ हिशेब सगळीकडे मांडला जातो. पण या उशिरा येणाऱ्या मुली असतात तरी कोण? कुणी बारावीला एका विषयात राहिलेली आणि पुरवणी परीक्षेत पास झालेली असते; तिचा निकाल लागेपर्यंत पहिल्या फेऱ्या उरकलेल्या असतात. कुणाच्या घरी आधी भावाची फी भरली गेलेली असते, आणि उरलेल्या पैशांत हिचे बघू असे ठरलेले असते. कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांनी तहसीलला जायला हवे होते, पण एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून ते गेलेच नाहीत. कुणी लग्नानंतर दोन वर्षांनी मूल कडेवर घेऊन माहेरी परतलेली असते. तिची मार्कलिस्ट सासरच्या कपाटात, आणि आधारकार्डावर नाव नवऱ्याचे.

आता तर सगळी प्रक्रिया मोबाइलवर आली आहे. जागा मिळाल्याचा निरोप मोबाइलवर येतो, मोजक्या दिवसांत ती पक्की करावी लागते, त्यासाठीचा ओटीपीही मोबाइलवरच येतो. आणि मोबाइल असतो भावाच्या खिशात! एका मुलीला पहिल्याच फेरीत जागा लागली होती. तिला ते कळले मुदत संपल्यावर, तेही मैत्रिणीकडून. घरात कुणी मुद्दाम अडवले नव्हते, कुणाला आठवण राहिली नव्हती इतकेच. मुलींच्या बाबतीत हे ‘आठवण न राहणे’ किती नेहमीचे आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

या उशिराची किंमत मात्र तीच भरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. निर्णय चांगलाच आहे, त्याचे स्वागत. पण ही माफी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, आलेल्या मुलींनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्था पातळीवरचे प्रवेश त्यातून वगळले आहेत. म्हणजे कॉलेज तेच, वर्ग तोच, घरची परिस्थितीही तीच. पण फेरी हुकली म्हणून एकीला शिक्षण मोफत आणि दुसरीला पूर्ण फी. जिच्या घरी अडचण जास्त तिचीच फेरी हुकते, आणि म्हणून तिचीच सवलत जाते. हा न्याय कुठला?

“एक वर्ष गेले तर काय बिघडले, पुढच्या वर्षी घे,” असे सहज म्हटले जाते. मुलाच्या बाबतीत ते खरेही असेल. मुलगी घरी बसली की दिवाळीपर्यंत स्थळे येऊ लागतात आणि तुळशीचे लग्न झाले की हिचेही ठरते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर त्याआधीच गाडी निघते. तेव्हा ऑगस्ट ते कार्तिक हे तीन महिने तिच्या आयुष्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. या काळात आपण काय करू शकतो?

पहिले, ‘बंद’च्या पाटीवर विश्वास ठेवू नये. प्रवेश रद्द होतात, जागा सुटतात, विद्यापीठे मुदत वाढवतात. फोनवर नकार मिळाला तरी कार्यकर्तीने मुलीसोबत प्रत्यक्ष जावे, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुसरे, कुठलेही कॉलेज मूळ कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेत हे स्पष्ट आहे, आणि प्रवेश सोडल्यास फी परत करण्याचे टप्पेही त्यात दिले आहेत. तिसरे, मार्कलिस्ट हरवली किंवा सासरी अडकली तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. त्यासाठी सासरची मनधरणी करायची गरज नाही. चौथे, घाईचा फायदा घेणारे एजंट याच दिवसांत फिरतात. पैसे देण्यापूर्वी कॉलेज कुठल्या विद्यापीठाला संलग्न आहे, ते त्या विद्यापीठातच विचारावे.

१९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, तसेच इग्नू, हे मार्ग आहेतच. नोकरी किंवा तान्हे मूल सांभाळणाऱ्या कितीतरी जणी तिथून पदवीधर झाल्या आहेत. पण मुलीला घरातच ठेवायची सोय म्हणून जेव्हा घरचे मुक्त विद्यापीठ सुचवतात, तेव्हा आपण सावध असावे. कॉलेज म्हणजे रोजची एस.टी., मैत्रिणी, वाचनालय आणि घराबाहेरचे चार तासही असतात. त्यांचे मोल पदवीपेक्षा कमी नाही.

हे झाले तात्पुरते उपाय. शासनाकडे आपल्या मागण्या ठाम हव्यात. फीमाफी मुलीला द्या, फेरीला नको. पुरवणी परीक्षा उत्तीर्ण आणि सासर सोडून आलेल्या मुलींसाठी कॅपमध्येच शेवटची एक फेरी ठेवा. आणि वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची मुभा अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये जाहीर केली. ती ऐच्छिक असली तरी आपल्या विद्यापीठांनी जानेवारीचे प्रवेश सुरू करावेत.

या मागण्यांना बळ येईल ते तुमच्या नोंदींनी. तुमच्या गावात, वस्तीत यंदा किती मुलींचा प्रवेश हुकला, कुठल्या कागदामुळे, कुणामुळे, ते आम्हाला लिहून पाठवा. नावे नकोत, हकिगती हव्यात. त्या एकत्र करून आपण उच्च शिक्षण खात्याला निवेदन देऊ.

आणि तोवर एखादी मुलगी दारात येऊन “आता उशीर झाला का?” असे विचारू लागली, तर तिला आत बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत कॉलेजात जा.