उतारावरचा दाब मोजायचा कोणी?

एल.टी.सी.वर तंजावूरला जाणारे आपले टपाल बांधव राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून येतात. राजवाड्याच्या परिसरात उभे राहिले की घाटाचा विसर पडावा, इतका कावेरीकाठचा तो मुलूख सपाट आहे. पण बंगळूरकडून तिकडे माल नेणाऱ्या ट्रकला धर्मपुरी-सेलममधला तोप्पूर घाट उतरावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये तेथे वाहने एकमेकांवर आदळून चार जण गेले. पुणे-बंगळूर महामार्गावर, नवले पुलाजवळ, २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकमुळे अनेक वाहनांचे नुकसान झाले. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांनी सांगितले. गुन्हा चालकावर.

न्यूट्रलमध्ये उतरणे घातकच, यात आम्हाला वाद घालायचा नाही. पण डिझेलचे ॲव्हरेज घटले की चालकाचे पैसे कापणारा मालक कोणत्या कलमात येतो?

उतारासाठी अवजड गाडीला एक्झॉस्ट ब्रेक असतो. धुराच्या पाइपातली झडप मिटते, डिझेल तुटते आणि कोंडलेल्या हवेविरुद्ध पिस्टन ढकलताना इंजिनच गाडीला आवरते. चाकांचे लायनर थंड राहतात. मात्र इंजिन फिरते आणि गाडी गिअरमध्ये हवी. या कोंडलेल्या दाबाला बॅक प्रेशर म्हणतात. काजळीने झडप अर्धवट अडकली किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट गळू लागले की दाब चढत नाही. सुस्कारा ऐकू येतो, गाडी मात्र आवरत नाही. उलट 'ब्रेक कडक हवा' म्हणून स्क्रू आवळला तर दाब व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर मात करतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडून सीटवर आपटतात. कमिन्सच्या जुन्या ५.९ लिटर इंजिनात जड स्प्रिंगा घातल्यावर चौरस इंचाला सुमारे ६० पौंड चालतात. हलक्या स्प्रिंगांना तेवढा दाब झेपत नाही. म्हणून हे काम कानाने होत नाही. झडपेच्या अलीकडे गेज लावून, कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांवर इंजिन नेऊन आकडा वाचावा लागतो. गेज फार महाग नसते. गाडी अर्धा दिवस उभी राहते, तेच मालकाला परवडत नाही.

रेल्वेतल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सह्या झाल्याशिवाय गाडी हलत नाही. बोरघाटाच्या १:३७ उतारावर गाडी निसटलीच तर कॅच सायडिंग आहे. ही व्यवस्था कुणाच्या कृपेने आलेली नाही. अपघात झाले, माणसे गेली, तेव्हा नियम झाले. टपालाच्या थैल्याही आता कंत्राटी गाड्यांतून घाट उतरतात. त्या चालकाच्या हातात असा कोणता कागद असतो?

फिटनेस तपासणीत एक्झॉस्ट ब्रेकचा दाब गेजवर मोजून आकडा लिहावा, तो लॉगबुकात चालकाला दिसावा आणि आकडा नसलेली गाडी घाटात नेण्यास नकार देणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये, अशी आमची मागणी आहे. टपाल वाहतुकीच्या पुढच्या कंत्राटांत हे कलम घालण्यासाठी शाखांनी आत्तापासूनच विभागीय कार्यालयांना पत्रे द्यावीत.