पाणंदीवरची सायकल



डांबरी सडकेवरून मुले सायकलने शाळेला निघाली की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. गावची जुनी पाणंद मात्र निर्धोक. तिथे ट्रक-मोटारींची वर्दळ नाही.

आपला दख्खनचा मुलूख सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडला. त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन मुरूम झाला आणि काळी मातीही. ही माती पावसात फुगते, चिकटते. सायकलचे चाक जाम होते. म्हणून पाणंदीवर मुरूम पसरून, पाणी मारून रोलरने दाबावा. मधोमध उंचवटा व दोन्ही कडांना चर ठेवावा. पाणी साचले की मुरूम गेलाच समजावे.

पण मुरूम टाकायला पाणंद शिल्लक तर हवी! दरसाल नांगराचे एकेक तास पुढे सरकते आणि गाडीवाटेची पायवाट होते. पूर्वापार वाट कोणी अडवली तर हातघाईवर येऊ नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते.

त्याआधी आपलाच नांगर पाणंदीत शिरलेला नाही ना, हे मात्र प्रत्येकाने पाहावे.