ऐकलेले आणि लिहिलेले जुळले पाहिजे

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत मराठी ऐकू पुष्कळ येते, वाचली मात्र कमी जाते. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कितीतरी घरांत मूल आजीशी मराठीत बोलते, बाजारात दखनी बोलते आणि शाळेत कन्नड किंवा इंग्रजी लिहिते. भाषा त्याच्या कानात आहे, पण तिची अक्षरे त्याला परकी आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे राहिले. त्या वेळचे शाळकरी विद्यार्थी आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांना येणारे मराठी वाचन त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचवायचे कसे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांला अरबीच्या निमित्ताने सापडले. आखाती देशांत कामाला जाऊ इच्छिणारे आपल्या भागातील काही तरुण आम्हांला विचारतात, ‘अरबी शिकायची आहे, ऐकायला काय घ्यावे आणि वाचायला काय घ्यावे?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यात भाषाशिक्षणाचे मर्म आहे. केवळ पुस्तक घेऊन अरबी येत नाही, कारण अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. क, त, ब ही तीनच व्यंजने कागदावर असतात. ती ‘कतबा’ म्हणजे ‘त्याने लिहिले’ अशी वाचायची, ‘कुतिबा’ म्हणजे ‘लिहिले गेले’ अशी, की ‘कुतुब’ म्हणजे ‘पुस्तके’ अशी, हे नवशिक्याला आवाजावाचून कळत नाही. उलट नुसते ऐकत राहिले तर शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला, याचाच पत्ता लागत नाही. म्हणून ध्वनी आणि मजकूर दोन्ही हवेत, आणि ते अक्षरशः एकच हवेत.

ही रीत आपल्या भूमीला नवी नाही. बीदरमधील महमूद गवानचा मदरसा १४७२ साली पूर्ण झाला. अरबी विद्येच्या परंपरेत ग्रंथ गुरूच्या मुखातून ऐकणे किंवा गुरूसमोर वाचून दाखवणे, हीच तो शिकण्याची मान्य पद्धत होती. आजही अरबी शिकणाऱ्याला सर्वांत निर्दोष जुळणी मिळते ती कुराणाची, कारण मजकूर ठरलेला आहे आणि पठणाचे नियमही ठरलेले आहेत. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी यांनी १९६१ साली केलेले संपूर्ण पठणाचे ध्वनिमुद्रण आजही शिकणारे वापरतात.

कथावाङ्मयाकडे वळले की अडचणी सुरू होतात. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या मूळ अरबी ग्रंथाची कैरोजवळच्या बुलाक येथे १८३५ साली निघालेली आवृत्ती वेगळी आणि १८३९ ते १८४२ या काळात कलकत्त्याला छापलेली वेगळी. ध्वनी एका आवृत्तीचा आणि पुस्तक दुसरीचे असले, तर शिकणारा चार वाक्यांत हरवतो. शिवाय पुस्तकाची अरबी एक आणि कैरो किंवा दुबईच्या रस्त्यावरची दुसरी. म्हणून त्या तरुणांना आम्ही सांगतो की लहान मजकूर घ्या, स्वरचिन्हे छापलेली आवृत्ती घ्या आणि तोच मजकूर वाचलेला आवाज मिळाल्यावाचून पुढे जाऊ नका.

हाच न्याय आता मराठीला लावून पाहू. देवनागरीत स्वर लिहिले जातात, तेव्हा आपली अडचण संपली असे कोणी म्हणेल. तसे नाही. ‘जग मोठे आहे’ आणि ‘सुखाने जग’ यांतील ‘जग’ सारखेच लिहिले जाते, उच्चार मात्र निराळे आहेत. चार आणि चारा यांतला ‘च’ही एक नव्हे. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारला जातो, मराठीत तो बहुधा गळतो. त्यामुळे कन्नड माध्यमात शिकलेले मूल ‘घर’, ‘फूल’, ‘बाजार’ यांतील शेवटचे अक्षर ओढून वाचते. मग कोणीतरी हसते आणि मूल पुस्तक मिटते. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. त्यात मुलाचा दोष नाही आणि कन्नडचाही नाही. कन्नड ही या भूमीची थोर भाषा आहे. ती आमच्या मुलांना उत्तम यावी, हेच आम्हांला हवे आहे. कमी आहे ती एवढीच की मराठी अक्षराशेजारी मराठी आवाज नाही.

आपल्या गावांत एके काळी तो होता आणि काही ठिकाणी अजून आहे. हरिनाम सप्ताहातले ज्ञानेश्वरीचे पारायण आठवा. व्यासपीठचालक ओवी म्हणतात आणि समोर बसलेले वाचक आपापल्या पोथीवर बोट ठेवून तीच ओवी म्हणतात. सर्वांची पोथी एका पाठाची असावी, हा आग्रहही तेथे असतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या अनेकांना अशा मंडपात अक्षरओळख झाली. ध्वनी आणि मजकूर यांची जुळणी म्हणजे आणखी वेगळे काय?

आज साधने नाहीत असे नाही, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. विक्रीस असलेली श्राव्य पुस्तके आहेत, परंतु ऐकणाऱ्याच्या हाती छापील पुस्तक नसते. महाराष्ट्रात बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत, पण कर्नाटकातील मराठी शाळांची पुस्तके निराळी, म्हणून तिकडचा ध्वनी इकडच्या पानाला लागू पडत नाही. लहान मुलांसाठी ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये वाचता येते. आमच्या द्विभाषिक मुलांना ती सोय वरदान ठरावी अशी आहे. मोठ्यांसाठी मराठी विकिस्रोतावर स्वामित्वमुक्त पुस्तके आहेत. उणीव आहे ती आवाजाची, आणि ती आपण भरून काढू शकतो.

आमची सूचना अशी आहे. आरंभ ‘श्यामची आई’पासून करावा. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत २०१० अखेर संपली, त्यामुळे पुस्तक वाचून मुद्रित करण्यास कायद्याची अडचण नाही. दुसऱ्या कोणी केलेले ध्वनिमुद्रण मात्र उचलू नये, कारण त्याचा हक्क वेगळा असतो. या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत आणि प्रत्येक रात्री श्याम गोष्ट सांगतो, म्हणजे ते मुळातच ऐकण्यासाठी रचलेले आहे. आठवड्याला एक रात्र मुद्रित केली तरी वर्षाच्या आत ते पूर्ण होईल. वाचणारा आपल्याच भागातला असावा. भालकीची निवृत्त शिक्षिका, आळंदचा कीर्तनकार, औरादचा महाविद्यालयीन विद्यार्थी, कोणीही चालेल. आवाज आपला असावा, मजकुरात मात्र एका अक्षराचाही फेरफार नसावा. कोणती आवृत्ती आणि कितवे पान, हे आरंभी सांगावे. मुलाने प्रथम नुसते ऐकावे, मग ओळीवर बोट ठेवून ऐकावे, मग आवाजाबरोबर वाचावे आणि शेवटी एकट्याने वाचावे.

शासनाकडे आमची मागणी कायम आहे. राज्यघटनेचे कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते. ज्या राज्याने मराठी पाठ्यपुस्तक छापले, त्याने त्या पुस्तकाचा ध्वनीही द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत मुले वाढायची थांबत नाहीत.

जिल्हा, तालुका, हद्द हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. ते कागदावरून कानी आणि कानावरून कागदी असा प्रवास करत मराठी झाले. पाचशे वर्षांपूर्वी दूरदेशीची भाषा या बीदरमध्ये ऐकून आणि वाचून शिकली जात होती. आपल्या मुलांना त्यांच्या आजीची भाषा त्याच रीतीने शिकवणे आपल्याला जड जाऊ नये. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांनी ते काढावे, ज्यांच्याकडे आवाज आहे त्यांनी पहिली रात्र वाचावी.