नाशिकची वाइन, उसनी चव

नाशिक परिसरातील वायनऱ्यांच्या टेस्टिंग रूममध्ये शनिवार-रविवारी एक ठरावीक दृश्य दिसते. मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकांपुढे चार-पाच ग्लास मांडले जातात. प्रत्येकात जेमतेम दोन-तीन घोट. माहिती देणारा तरुण ग्लास कसा धरावा, कसा फिरवावा हे दाखवतो आणि मग वासांची यादी सुरू होते : गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडरचे लाकूड. समोरचे माना डोलावतात. यातील एकही वस्तू त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी हुंगलेली नसते.

हा केवळ गमतीचा विषय नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्कची योजना केली. त्यानंतर द्राक्षे पिकली, कारखाने उभे राहिले, बाटल्यांवर नाशिकचे नाव आले. मात्र, ती बाटली चांगली की सुमार, हे स्वतःच्या जिभेने ठरवणारा ग्राहक तुलनेने कमीच घडला.

वाइनच्या वासांची वर्णने म्हणजे निव्वळ कविकल्पना, असा एक समज आहे. तो खरा नाही. सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण मेथॉक्सिपायराझिन या गटातील तीच रसायने मिरचीत आणि या द्राक्षात असतात. शिराझ या लाल वाइनमधील मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये तो ओळखला आणि काळ्या मिऱ्यातही तोच आढळला. म्हणजे मिरी आणि ढोबळी मिरची रोज हाताळणाऱ्या मराठी गृहिणीचे नाक या परीक्षेत मुळीच कच्चे नाही. कमी आहे ती फक्त शब्दांची सवय.

त्या सवयीने चाखले, तर ग्लासांची ओळख सोपी होते. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये कैरीचा आंबटपणा, नुकतेच कापलेले गवत आणि पिकू लागलेला पेरू सापडतो. शेनिन ब्लाँ त्यापेक्षा मवाळ. तिच्यात पिकल्या फळांचा गोडसर सुगंध असतो, म्हणून नवख्यांना ती लवकर आवडते. शिराझमध्ये जांभूळ आणि मिरी एकत्र भेटतात. कॅबर्ने सोव्हिन्याँ जिभेवर आवळ्यासारखी तुरट लागते आणि तो तुरटपणा हिरड्यांवर बराच वेळ रेंगाळतो. पांढरी वाइन सालीपासून वेगळ्या केलेल्या रसाची, तर लाल वाइन सालीसह आंबवलेल्या रसाची. हा तुरटपणा मुख्यतः साली आणि बियांतून येतो. षड्रसांत तुरट चवीला स्वतंत्र मान देणाऱ्या भाषेला त्यासाठी परका शब्द शोधण्याची गरज नाही.

अडचण वेगळीच आहे. वाइनची पहिली ओळख अनेकांना ‘पोर्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त, गोड लाल वाइनमधून होते. त्यामुळे कोरडी, म्हणजे साखर न उरलेली कॅबर्ने तोंडाला लागताच ती ‘खराब’ ठरते. त्यात लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ प्यावी हा युरोपीय नियम इथे जसाच्या तसा पाळला जातो. तिथल्या जुन्या घरांतले तापमान १६ ते १८ अंश, मे महिन्यातल्या मुंबईतले तीसच्या वर. त्या उष्णतेत अल्कोहोलची झळ तेवढी नाकाला लागते आणि फळाचा वास मागे पडतो. अशा वेळी लाल वाइनलाही थोडा वेळ फ्रीज दाखवलेला बरा.

जाणकारांच्या शब्दाला मात्र प्रमाण मानू नये. फ्रान्समधील बोर्दो येथे ५४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांना दिली, तर वाइनचे शिक्षण घेणाऱ्या या मंडळींनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. त्याआधी १९७६ मध्ये पॅरिसला लेबले झाकून झालेल्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनीच लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला होता. डोळा आणि लेबल जिभेवर कुरघोडी करतात, हाच दोन्हींचा धडा.

नाशिकच्या शेतकऱ्यासाठी या धड्याचे मोल अधिक आहे. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे आणि बियांचे. खाण्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही आणि बेदाण्यालाही ते चालत नाही. कारखान्याने उचलले नाही, तर त्याला दुसरी वाट नाही. २००८ची आर्थिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांनंतर वाइनची मागणी घसरली, टाक्यांत माल पडून राहिला आणि अनेकांनी मेहनतीने वाढवलेल्या वेली उपटून टाकल्या. तोवरची मागणी चवीपेक्षा हौसेवर उभी होती, हे तेव्हा दिसले.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठा वाद पेटला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद झाला. पण बारा-चौदा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाबाबत तो टिकणारा नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. विरोधामुळे निर्णय बारगळला. त्या गदारोळात चर्चा झाली ती वाइन कुठे विकावी याची. ती कशी असावी, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता तो टाळता येणार नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार १५ डॉलरहून महाग बाटलीवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून लगेच ७५ टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. नाशिकच्या शिराझशेजारी ऑस्ट्रेलियाची शिराझ तुल्यबळ किमतीत उभी राहील, तेव्हा करांची भिंत कामाला येणार नाही. ज्याला दोन्हींतले मिरे आणि जांभूळ ओळखता येते, असा ग्राहकच चांगल्या नाशिकला न्याय देईल आणि सुमार नाशिकला सुधारायला भाग पाडेल. टेस्टिंग रूममधल्या तरुणाने गूजबेरी बाजूला ठेवून कैरीपासून सुरुवात करायला हरकत नाही.